महार रेजिमेंटचे परमवीर मेजर परमेश्वरन



आपल्या पोरांना क्रिकेटवाल्यांची नावं पाठ असतात. पण महार रेजिमेंटचं परमवीर चक्र कोणाला मिळालं, असं विचारलं की गप्प बसतात. म्हणून हा लेख.

युद्धातील शौर्याचा हा देशातला सर्वोच्च मान २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाला. पदक कांशाचं, फीत जांभळी, आणि मधोमध सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभावरचे सिंह.

इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास जातीच्या नावाखाली आपली लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली, १९२१ साली मोडूनही टाकली. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात सर्व जातींचे जवान आहेत.

रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म १९४६ साली आपल्या मुंबईतच, तामिळ कुटुंबात झाला. सायनच्या एस.आय.ई.एस. कॉलेजातून १९६८ साली ते विज्ञानाचे पदवीधर झाले. मद्रासला अधिकारी प्रशिक्षण घेऊन १६ जून १९७२ रोजी १५ महारमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. तिथं आठ वर्षं काढली. ईशान्येकडील बंडखोरीच्या मुलखातही त्यांनी काम केलं.

१९८७ साली ८ महारबरोबर ते शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले. २५ नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी त्यांच्या तुकडीवर हल्ला केला. मेजरसाहेबांनी मागून वळसा घालून त्यांना घेरलं. हातघाईच्या लढाईत त्यांच्या छातीत गोळी लागली. तरी त्याच अतिरेक्याची रायफल हिसकावून त्याला ठार केलं, आणि अखेरच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. वय अवघं ४१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेतलं ते एकमेव.

बुद्धाचा धम्म युद्धाचे गोडवे गात नाही, आपणही गाऊ नयेत. पण सोबत्यांसाठी जीव देणाऱ्याला विसरूही नये. जातीमुळं जे दार आपल्याला बंद होतं, ते उघडल्यावर आपण दुसऱ्या कोणाला बंद केलं नाही. तामिळ अधिकाऱ्यानं आपल्या रेजिमेंटचं नाव उजळ केलं, याचा अभिमान धरू या.

आणखी एक. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. इंग्रजी राज्यात आपल्या शिपायाची मजल साधारण तिथवरच. परमेश्वरन पदवी घेऊन थेट अधिकारी झाले. आईबापांनो, पोरगं फौजेत जातो म्हणालं तर अडवू नका, पण आधी पदवी घ्यायला लावा.

जयभीम! नमो बुद्धाय!