मशागत आणि राखण : फादर आर्मां डेव्हिड यांचे १८६९ साल

मिशनरी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे शाळा, दवाखाना, अनाथालय आणि त्यांत राबणारा एखादा धर्मगुरू किंवा धर्मभगिनी उभी राहते. हाती जाळी व खिशात टिपणवही घेऊन रानोमाळ हिंडणारा धर्मगुरू सहसा उभा राहत नाही. परंतु असा एक धर्मगुरू ख्रिस्तसभेत होऊन गेला. त्याच्या आयुष्यातील एका वर्षाची हकिकत वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

पवित्र शास्त्राच्या दुसऱ्याच अध्यायात परमेश्वराने मानवाला एदेन बागेत ठेवले ते दोन कामांसाठी, असे आपण वाचतो : बागेची मशागत करणे आणि तिची राखण करणे. पहिले काम आपण शेतकरी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या केले. दुसऱ्याचे काय झाले, हा प्रश्न फादर आर्मां डेव्हिड यांना चीनच्या डोंगरांत पडला.

फादर डेव्हिड यांचा जन्म १८२६ साली फ्रान्सच्या बास्क प्रदेशातील एस्पलेत या गावी झाला. वडील डॉक्टर होते. निसर्गाची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. १८४८ मध्ये आर्मां यांनी संत व्हिन्सेंट दी पॉल यांच्या लाझरिस्ट संघात प्रवेश केला. इटलीतील साव्होना येथे सुमारे दहा वर्षे त्यांनी विज्ञान शिकविले. मन मात्र चीनकडे लागलेले होते. १८६२ मध्ये त्यांना पेकिंगला (आजच्या बीजिंगला) पाठविण्यात आले. तेथून त्यांनी पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे धाडलेले नमुने पाहून शास्त्रज्ञ चकित झाले आणि या धर्मगुरूला संशोधन प्रवासासाठी मोकळीक द्यावी, अशी विनंती त्यांनी संघाच्या वरिष्ठांना केली. वरिष्ठांनी ती मान्य केली. अशा रीतीने वनस्पती व प्राणी यांचा अभ्यास हे फादर डेव्हिड यांच्या आज्ञापालनाचेच एक अंग बनले.

१८६५ साली पेकिंगच्या दक्षिणेस असलेल्या सम्राटाच्या शिकारी उद्यानाच्या तटावरून त्यांनी आत डोकावून पाहिले आणि त्यांना एक विलक्षण हरणांचा कळप दिसला. चिनी लोक त्याला ‘मिलू’ म्हणत. रानातील मिलू कधीच नाहीसे झाले होते. उरले होते ते केवळ त्या तटाच्या आत. फादरांनी खटपट करून त्याची कातडी मिळविली व १८६६ मध्ये पॅरिसला पाठविली. पाश्चात्त्य जग आजही त्या प्राण्याला ‘फादर डेव्हिडचे हरीण’ म्हणून ओळखते. त्यापाठोपाठ काही जिवंत हरणे युरोपातील प्राणिसंग्रहालयांत पोहोचली. या घटनेचे मोल पुढे कळणार होते.

१८६८ च्या मे महिन्यात फादर डेव्हिड दुसऱ्या मोठ्या प्रवासास निघाले. यांगत्से नदीच्या मार्गाने सिच्वान प्रांतात शिरून १८६९ च्या फेब्रुवारीअखेर ते मूपिंग येथे पोहोचले. आजचा बाओशिंग परगणा तो हाच. तिबेटच्या पठाराकडे चढत जाणाऱ्या या दऱ्याखोऱ्यांत पॅरिसच्या परदेशी मिशन संघाने स्थानिक मुलांसाठी एक लहानशी सेमिनरी चालविली होती. तेथेच आमच्या या प्रवाशाने बिऱ्हाड थाटले.

११ मार्च रोजी हिंडून परतत असताना ली नावाच्या एका जमीनदाराने त्यांना चहाला बोलाविले. त्या घरात त्यांनी एका पांढऱ्याकाळ्या अस्वलाचे कातडे पाहिले. असा प्राणी कोणत्याही ग्रंथात नोंदलेला नव्हता. २३ मार्चला त्यांच्या ख्रिस्ती शिकाऱ्यांनी एक पिल्लू आणले. पकडले जिवंत होते, पण वाहून आणणे सोपे जावे म्हणून वाटेत मारले. फादरांना हळहळ वाटली, तरी त्यांनी भारी किंमत मोजून ते विकत घेतले. फादरांनी प्राण्याला अस्वल म्हटले. पॅरिसच्या पंडितांनी हाडे व दात तपासून ते अस्वलाहून निराळे ठरविले. आजच्या जनुकशास्त्राने मात्र कौल फादरांच्या बाजूने दिला आहे. हाच तो साऱ्या जगाचा लाडका पांडा.

मे महिन्यात शिकाऱ्यांनी सोनेरी केसांची, वर वळलेल्या नाकाची माकडे आणली. त्याच वर्षी फादरांना एक वृक्ष आढळला. त्याच्या फुलाभोवती दोन मोठी शुभ्र पाने असतात आणि वाऱ्यावर ती हलू लागली की झाडावर पारवे बसल्याचा भास होतो. शास्त्रज्ञांनी त्याला फादरांच्या नावावरून ‘डेव्हिडिया’ हे नाव दिले.

येथपर्यंतची कथा शोधाची आहे; परंतु या माणसाचे मोठेपण आम्हांला अन्यत्र जाणवते. आपल्या प्रवासांत त्यांनी ठिकठिकाणी तुटणारी अरण्ये पाहिली. अमेरिका खंडातून आलेले मका व बटाटा ही पिके उंच, थंड उतारांवरही येत. म्हणून भुकेलेली कुटुंबे दरवर्षी आणखी वर सरकत, झाडे तोडीत, जाळीत आणि पेरणी करीत. फादर डेव्हिड यांनी याची खंत वारंवार लिहून ठेवली आहे. एक दिवस असा येईल की परमेश्वराने दिलेल्या असंख्य जीवजातींच्या जागी घोडा व डुक्कर, गहू व बटाटा एवढेच उरतील, अशा आशयाचे भय त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी व्यक्त केले.

आम्ही येथे क्षणभर थांबतो, कारण न्यायाने बोलले पाहिजे. ते शेतकरी दुष्ट नव्हते. त्यांना मुले पोसायची होती आणि डोंगराखालची सुपीक जमीन त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. उलट, फादर स्वतःही निर्दोष नव्हते. त्यांच्या संग्रहासाठी प्राणी मारले जात आणि त्यांनी मोजलेल्या पैशांमुळे शिकाऱ्यांचा हुरूप वाढे. पांड्याची कीर्ती झाल्यावर युरोप-अमेरिकेतील हौशी शिकारी तिकडे धावले. १९२९ साली रूझवेल्ट बंधूंनी पांडा मारला. त्यांच्या श्रद्धेने त्यांना दृष्टी दिली होती, पण काळाच्या मर्यादा पुसून टाकल्या नव्हत्या.

त्या वर्षी आजारपणाने ते खंगले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी मूपिंग सोडले. १८७२ ते १८७४ या काळात आणखी एक खडतर प्रवास करून ते कायमचे फ्रान्सला परतले. १० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिस येथे त्यांना देवाज्ञा झाली.

त्याच वर्षी पेकिंगच्या उद्यानातील मिलू हरणांचाही अंत झाला. काही वर्षांपूर्वी महापुराने तट फोडला तेव्हा बाहेर पडलेली हरणे उपाशी लोकांनी मारून खाल्ली होती. उरलेली १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत सैनिकांनी संपविली. वंश टिकला तो युरोपात गेलेल्या हरणांमुळे. बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकने निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांतून अठरा हरणे आपल्या वोबर्न येथील जागेत आणून त्यांचा सांभाळ केला. १९८५ साली त्यांचे वंशज पुन्हा बीजिंगच्या त्याच जुन्या उद्यानात आले, आणि आज चीनमध्ये मिलू हजारोंनी आहेत. एका धर्मगुरूने तटावरून डोकावून पाहिले नसते, तर ते नाव केवळ जुन्या ग्रंथांत उरले असते.

डेव्हिडियाचीही अशीच कथा. त्याचे बी आणण्यासाठी विल्सन नावाचा इंग्रज तरुण चीनला गेला. १९०० साली सांगितलेल्या जागी तो पोहोचला तेव्हा झाड तोडून त्याचे घर बांधलेले होते! त्याला पुढे दुसरी झाडे सापडली. पण त्याआधीच, १८९७ मध्ये, फादर फार्ज या दुसऱ्या मिशनऱ्याने फ्रान्सला सदतीस बिया पाठविल्या होत्या. त्यांतली एकच उगवली.

यांगत्सेच्या भीषण पुरानंतर १९९८ मध्ये चीनने नैसर्गिक अरण्यांची तोड थांबविली आणि उतारावरची शेती सोडून झाडे लावणाऱ्या कुटुंबांना धान्य देण्याची योजना १९९९ मध्ये आरंभिली. शेतकऱ्याचे पोट भरल्याशिवाय अरण्य राखता येत नाही, हा धडा यात आहे. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत रानात १,८६४ पांडे आढळले.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीच्या जपणुकीची शिकवण दिली तेव्हा अनेकांना ती नवी वाटली. मूपिंगच्या दऱ्यांत ती अंकुरलेली होती.

आमच्या भागात आगेराच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे आणतात आणि त्यांना आशीर्वाद देण्याचे भाग्य आम्हां धर्मगुरूंना लाभते. तो मशागतीचा सण आहे. राखणीचा सण आपल्याकडे नाही. या वर्षी लोंब्या हातात घेताना, बुजत चाललेले बावखल आणि बांधावरचे जुने जांभळाचे झाड यांची आठवण ठेवावी, एवढीच वाचकांना विनंती. परमेश्वराने दोन्ही कामे एकाच वेळी आणि एकाच माणसाला सांगितली होती.