ढिगाऱ्यानंतरचं पाऊल

३० सप्टेंबर १९९३. पहाटे किल्लारी परिसरातली दगडमातीची घरं कोसळली. माझे मामू काही तास भिंतीखाली होते. बाहेर काढल्यावर बोलले, पाणी प्यायले. संध्याकाळी मात्र पाय टम्म सुजला, लघवी काळ्या चहासारखी झाली.

हे कोडं १९४१ मध्ये लंडनला उलगडू लागलं. बॉम्बहल्ल्यांत गाडले गेलेले चौघे जिवंत निघाले, पण मूत्रपिंडं निकामी होऊन काही दिवसांत दगावले. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या दोघांनी ते नोंदवलं. चिरडलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तात मिसळून मूत्रपिंडांना मारतं. म्हणूनच आता शक्य तर ढिगाऱ्यातच सलाईन लावतात.

जीव वाचला, पण पायाचं काय? घाई केली तर स्नायू पुन्हा दुखावतो. नुसतं पडून राहिलं तर सांधा आखडतो. म्हणून आधी दुसऱ्याच्या हातानं हलकी हालचाल, रक्ताचे अहवाल सुधारल्यावर स्वतःचा जोर, मग कुबड्या. मामूंना चालायची घाई. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणायच्या, "चाचा, आज फक्त बोटं हलवा."

१९९४च्या मार्चमध्ये ईद आली. मामू काठी टेकत ईदगाहपर्यंत चालत गेले. नमाज खुर्चीवर बसून पढले.