स्क्रब टायफस: ताप आल्यावर काळी खपली शोधा

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपून बांधावर गवत वाढले की तापाच्या रुग्णात स्क्रब टायफसचा विचार करावा लागतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात या आजाराचे अनेक रुग्ण आढळले होते.

कारण: ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू. गवत-झुडपांतील चिगर नावाची सूक्ष्म अळी चावल्याने तो शरीरात शिरतो. हा टायफॉइड नव्हे. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही.

लक्षणे: चाव्यानंतर साधारण १० दिवसांनी थंडी-ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली येते. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. काख, जांघ, कंबर, स्तनांखालची जागा नीट पाहा. मात्र प्रत्येक रुग्णात ती दिसतेच असे नाही.

तपासणी: आयजीएम एलायझा ही रक्तचाचणी करतात. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. हा जिवाणू जिवंत पेशींतच वाढत असल्याने नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये सापडत नाही.

उपचार: संशय दाट असल्यास डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात, प्रौढांना बहुधा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस. गर्भवतींना अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. पेनिसिलिन किंवा सेफिक्झिमचा उपयोग होत नाही. वेळेत औषध मिळाल्यास ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. उशीर झाल्यास फुफ्फुसे, मूत्रपिंड, मेंदूवर परिणाम होऊन जिवावर बेतू शकते.

धाप, ग्लानी किंवा लघवी कमी होणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा. शेतात किंवा गवतात गेला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.