सोयरिकींचा इतिहास : एक प्रस्तावना

वंशावळीत जन्म-मृत्यूच्या नोंदी सहज सापडतात. कोणाची सोयरीक कोणाशी जुळली आणि का, हे मात्र शोधावे लागते. कुटुंब-इतिहासाचा अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांनी कोलकात्याच्या जोडासांको येथील ठाकूर घराण्यापासून आरंभ करावा.

या घराण्यातील देवेंद्रनाथ आणि शारदादेवी यांना डझनाहून अधिक अपत्ये झाली. थोरले द्विजेंद्रनाथ १८४० चे, रवींद्रनाथ १८६१ चे. घराणे धनाढ्य, पण पिराली ब्राह्मणांचे. पूर्वजांना मुसलमानांचा संसर्ग झाल्याच्या जुन्या ठपक्यामुळे इतर ब्राह्मण त्यांच्याशी बेटीव्यवहार टाळत. म्हणून सुना बहुधा जेसोर-खुलना भागातल्या पिराली घरांतून येत आणि अनेक जावई घरजावई होऊन राहत. १८६१ मध्ये देवेंद्रनाथांनी मुलगी सुकुमारी हिचे लग्न ब्राह्मो समाजाच्या पद्धतीने लावले. विधी बदलला, सोयरिकीचे वर्तुळ तेच राहिले. ९ डिसेंबर १८८३ रोजी रवींद्रनाथांचे लग्न झाले तेही जोडासांकोच्या वाड्यातच. वधूपिता ठाकुरांच्याच जमीनदारीत नोकरीला होता. नऊ-दहा वर्षांची भवतारिणी सासरी मृणालिनी झाली.

हे वर्तुळ मोडले ते घरातूनच. देवेंद्रनाथांच्या कन्या स्वर्णकुमारी यांचे पती जानकीनाथ घोषाल यांनी घरजावई होण्यास नकार दिला. स्वर्णकुमारी पुढे कादंबरीकार आणि ‘भारती’ मासिकाच्या संपादक झाल्या. देवेंद्रनाथांचे पुत्र आणि पहिले भारतीय आयसीएस अधिकारी सत्येंद्रनाथ यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये पत्नी ज्ञानदानंदिनी त्यांच्यासोबत मुंबईला आल्या. पारशी स्त्रियांकडून घेतलेली साडी नेसण्याची नवी रीत त्यांनी बंगालमध्ये रुजवली. त्यांचे स्वतःचे लग्न वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाले होते. १८७३ मध्ये जन्मलेली त्यांची मुलगी इंदिरा बी.ए. झाली आणि तिने १८९९ मध्ये, पंचविशीत, प्रमथ चौधुरींशी लग्न केले. मायलेकींच्या लग्नाची वये शेजारी-शेजारी मांडली की एका पिढीत काय घडले ते लख्ख दिसते.

असाच शोध आपल्याकडेही घेता येतो. अनेक मराठी वाचकांच्या घरी कुलवृत्तान्त असतात. त्यांतल्या प्रत्येक सुनेविषयी विचारा : माहेर कोणते, माहेरचे नाव काय, लग्नाच्या वेळी वय किती, आणि ही सोयरीक दोन्ही घरांना का हवीशी वाटली? उत्तरे जुन्या पत्रांत, लग्नखर्चाच्या याद्यांत आणि घरातल्या वृद्ध बायकांच्या आठवणीत आहेत. ती लिहून घ्यायला आजच बसा. या अभ्यासाला तुमची गरज आहे.