वाद्यांची सामाईक भाषा

दोन गवई एका बैठकीस बसले, तर त्यांना एकमेकांशीं बोलण्यास दुभाष्या लागत नाहीं. एकानें षड्ज लावला कीं दुसऱ्यास तो ऐकूं येतो, आणि तेवढ्यावर पुढील सारें गायन उभें राहतें. विद्युत्-वाद्यांचें तसें नाहीं. त्यांना कान नसतात. एका वाद्यांतील स्वर दुसऱ्यास कळावयाचा, तर तो तारेंतून आणि ठरलेल्या खुणांनींच कळला पाहिजे. आणि त्या खुणा प्रत्येकाच्या निरनिराळ्या असल्या, तर शेजारीं शेजारीं ठेवलेलीं दोन वाद्यें जन्मभर परकीं राहणार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नेमकी हीच अवस्था होती. ती कशी पालटली, आणि त्या पालटाचा लाभ मोठ्या कारखानदारांइतकाच घरच्या मेजावर कथलाचा डाख लावीत बसणाऱ्या हौशी कारागिरासही कसा मिळाला, हा अर्वाचीन संगीताच्या इतिहासांतील एक लहान पण बोधप्रद अध्याय आहे.

रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्यानें १९६४ मध्यें आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना पुढें आणला. विजेच्या आंदोलनांतून स्वर निर्माण करणारें हें वाद्य. त्यांत स्वराची उंची विद्युद्दाबावर ठरे. दाब एक व्होल्टनें वाढला कीं स्वर एका सप्तकानें वर जाई. ही योजना सुटसुटीत होती, पण ती सर्वांनीं स्वीकारली नाहीं. कॉर्ग व यामाहा या जपानी कारखान्यांच्या कित्येक वाद्यांत दर सप्तकास दाब दुप्पट करावा लागे. एक, दोन, चार, आठ अशी ती चढण असे. स्वर केव्हां सुरू व्हावा ही आज्ञासुद्धां कोठें दाब चढवून, तर कोठें तो शून्यावर आणून दिली जाई. अशीं दोन वाद्यें जोडणें म्हणजे दोन निरनिराळ्या रुंदीचे रुळ जेथें मिळतात त्या स्थानकासारखें होतें. तेथें एका गाडींतला माल हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडींत चढविल्यावांचून पुढें जात नाहीं.

१९७८ मध्यें कॅलिफोर्नियांतील सीक्वेन्शियल सर्किट्स या लहानशा कंपनीनें प्रॉफेट-५ हें वाद्य विक्रीस काढलें. तिचा संस्थापक डेव्ह स्मिथ यानें त्यांत मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, बसविला होता. वाद्याच्या पोटांतच संगणक आल्यावर स्वराचें वर्णन दाबाऐवजीं आंकड्यांनीं करणें शक्य झालें. तथापि आंकडे आले म्हणून एकी आली नाहीं. रोलंडनें आपली निराळी जोडणी काढली, ओबरहाइमनें आपली. प्रत्येकाची भाषा स्वतःच्या कुटुंबापुरती. वादकानें एकदां एका घराण्याचें वाद्य घेतलें, कीं पुढचें त्याच घराण्यांतलें घेणें त्यास भाग पडे.

याच काळांतील एक उदाहरण मुंबईचें आहे. चित्रपटसंगीताच्या वादकवृंदांत वर्षानुवर्षें काम केलेले चरणजित सिंग यांनीं १९८२ मध्यें दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका तयार केली. तींत त्यांनीं जुपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हें खर्जाचें वाद्य व टीआर-८०८ हें तालयंत्र वापरलें. तिन्ही रोलंडचीं. टीआर-८०८ व टीबी-३०३ यांना तर एका लयींत चालविण्यासाठीं त्या कारखान्याचाच खास तालसंकेत होता. मात्र तो होता त्या घराण्यापुरताच. परक्या कारखान्याचें वाद्य त्यांत सहज मिळविण्यास सर्वमान्य मार्ग नव्हता.

हा मार्ग काढण्याचा पहिला विचार ज्यानें बोलून दाखविला, तो मनुष्य विद्यापीठांतला पंडित नव्हता. इकुतारो काकेहाशी यांचा जन्म १९३० मध्यें ओसाका येथें झाला. लहानपणींच आईबापांचें छत्र हरपलें. वयाच्या सोळाव्या वर्षीं त्यांनीं घड्याळदुरुस्तीचें दुकान घातलें. मग रेडिओ दुरुस्त करूं लागले. क्षयानें त्यांना कित्येक वर्षें रुग्णालयांत खिळवून ठेविलें, आणि स्ट्रेप्टोमायसीन हें त्या वेळीं नवें असलेलें औषध मिळालें म्हणून ते वांचले. १९७२ मध्यें त्यांनीं रोलंड कंपनी स्थापिली. दुसऱ्यानें बनविलेलें यंत्र उघडून त्याचें मर्म शोधण्यांत ज्याची उमेद गेली, त्यास बंद पेटीचा त्रास ठाऊक असावा यांत नवल नाहीं.

जून १९८१ मध्यें काकेहाशी यांनीं टॉम ओबरहाइम यांच्याजवळ सामाईक जोडणीची गोष्ट काढली, आणि पुढें ती डेव्ह स्मिथ यांच्यापर्यंत पोहोंचली. स्मिथ व त्यांचे सहकारी चेट वुड यांनीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेंत एक आराखडा मांडला. त्यावर जपानी कारखान्यांशीं वाटाघाटी झाल्या, सूचना आल्या, मूळचा संथ वेग वाढविण्यांत आला. या नव्या योजनेस म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस असें लांबलचक नांव मिळालें; जगानें त्याच्या आद्याक्षरांवरून ‘मिडी’ म्हटलें. जानेवारी १९८३ मध्यें कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथील प्रदर्शनांत सीक्वेन्शियलचें प्रॉफेट-६०० आणि रोलंडचें जुपिटर-६ एका तारेनें जोडण्यांत आलीं. एकाची पट्टी दाबली, आणि दुसरें गाऊं लागलें. दोन देशांच्या, दोन स्पर्धक कारखान्यांच्या वाद्यांनीं एकमेकांचें ऐकलें.

याहून मोलाची गोष्ट पुढची. ही भाषा वापरण्यासाठीं कोणाकडूनही परवान्याचें शुल्क घ्यावयाचें नाहीं असें ठरलें. ऑगस्ट १९८३ मध्यें तिचे नियम प्रसिद्ध झाले. बलाढ्य कारखान्यास जो हक्क, तोच विद्यार्थ्यासही मिळाला.

परंतु हक्क मिळाला तरी ऐपत लागते. आणि येथें योजकांच्या काटकसरीचें महत्त्व कळतें. मिडीचा वेग सेकंदास ३१,२५० खुणा असा आहे. आंकडा विचित्र दिसतो, पण तो दहा लाखांस ३२ नीं भागून आलेला आहे. सेकंदास दहा लाख ठोके देणारें घड्याळ त्या काळच्या संगणकांत सहज मिळे. ते ठोके पांच वेळां निम्मे केले कीं हवा तो वेग हातीं येई. जोडणीसाठीं पांच टोंकांची खोबण निवडली, तीही ध्वनिमुद्रणयंत्रांत आधींपासून रूढ असलेली व स्वस्त. वाद्याच्या प्रवेशद्वारीं ऑप्टो-आयसोलेटर नांवाचा तुकडा ठेविला. त्यांत एक सूक्ष्म दिवा असतो आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा ग्राहक. तारेंतून येणाऱ्या पांच मिलिअँपिअर प्रवाहानें दिवा लुकलुकतो व ग्राहक त्या लुकलुकण्याचा अर्थ पुढें पाठवितो. दोन वाद्यांमध्यें विजेचा प्रत्यक्ष संबंध उरत नाहीं. म्हणून एकाच्या दोषाची घरघर दुसऱ्यांत शिरत नाहीं.

हा तुकडा, एक डायोड, दोनतीन रोधक आणि एक खोबण, एवढें साहित्य तळहातावर मावतें. त्यामुळें मिडी निघाल्यावर थोड्याच काळांत ती हौशी कारागिरांच्या मेजावर आली. अमेरिकेंत जॉन सायमंटन यांची पाया ही संस्था याच्या आधींपासून सिंथेसायझरचे सुटे भाग टपालानें घरोघर पाठवीत असे. क्रेग अँडरटन यांनीं १९७५ मध्येंच वादकांसाठीं विद्युत्-उपकरणें स्वतः बनविण्याचें पुस्तक लिहिलें होतें. अशा वाचकवर्गास मिडीचें मंडल म्हणजे पुढचा धडाच.

धडा सोपा असला तरी चुका ठरलेल्या असत. खोबणींतील टोंकांचे क्रमांक ओळीनें नाहींत; ते एक, चार, दोन, पांच, तीन असे आहेत. शिवाय डाख लावणारा मागच्या बाजूनें पाहतो, त्यामुळें डावेंउजवें उलटतें. संदेश वाहणारीं टोंकें चौथें व पांचवें. तीं अदलाबदल झालीं कीं वाद्य मुकें. पण तो डायोड नेमका याच प्रसंगासाठीं ठेविलेला आहे. प्रवाह उलटा आला, तर तो स्वतःवर घेऊन दिव्यास जळूं देत नाहीं. शिकाऊ मनुष्य चुकणार, हें नियमांनीं गृहीत धरलें होतें. दुसरा घोटाळा अधिक छळणारा असे. स्वर सुरू करण्याची आज्ञा निराळी व थांबविण्याची निराळी. मंद ग्राहकामुळें दुसरी आज्ञा वाटेंत हरवली, तर पट्टीवरचें बोट उचललें तरी स्वर अखंड वाजत राही. तो थांबेपर्यंत कारागिरास आपली चूक शोधीत बसावें लागे.

आतां संगणकाकडे. १९८४ मध्यें रोलंडनें एमपीयू-४०१ नांवाची जोडपेटी आणली. १९८५ च्या अटारी ५२०एसटी या संगणकास तर मिडीच्या खोबणी जन्मतःच होत्या. तिच्यामागें मोटोरोलाची ६८५० ही साधी चिप असे. तीस पांच लाख ठोके दिले, तर ती त्यांस सोळांनीं भागून नेमका ३१,२५० चा वेग देते. म्हणून ती घरगुती रचनांतही आवडीनें वापरली जाई. आयबीएम पद्धतीच्या संगणकांत मात्र अडचण आली. त्यांच्या नेहमींच्या जोडणीचा कमाल वेग १,१५,२०० होता, आणि तो कोणत्याही पूर्णांकानें भागून ३१,२५० येत नाहीं. पुढें १९८९ मध्यें साउंड ब्लास्टर हें ध्वनिपत्रक निघालें. त्यावरील खेळाच्या दांड्यासाठीं असलेल्या पंधरा टोंकांच्या खोबणींतूनच मिडीचे संदेश बाहेर येत व आंत जात, आणि एका तारेंत तेंच लहान मंडल बसविलें कीं काम होई. असंख्य हौशी वादकांनीं अशी तार घरीं बनविली. १९९९ मध्यें यूएसबी या नव्या जोडणीसाठीं मिडीचे नियम ठरले. २००५ मध्यें इटलींतील इव्रेआ गांवीं आर्डुइनो हें विद्यार्थ्यांसाठींचें लहान संगणकपत्रक जन्मास आलें. त्याच्या रूढ नमुन्यांत घड्याळाचे ठोके सेकंदास १ कोटि ६० लाख पडतात. त्यांस ५१२ नीं भागलें तर पुन्हा तोच आंकडा, ३१,२५०, शेषरहित हातीं येतो. १९८३ चा हिशेब असा वीसबावीस वर्षांनींही जुळला.

या भाषेस उणीव नाहीं असें मात्र नव्हे. एका स्वराच्या आज्ञेस सुमारें एक सहस्रांश सेकंद लागतो. दहा बोटांचा आघात एकदम झाला, तर शेवटचा स्वर किंचित् मागें पडतो. १९८८ मध्यें एफ. रिचर्ड मूर यांनीं अशा दोषांवर सविस्तर निबंध लिहिला. भारतीय संगीतास याहून गंभीर उणीव जाणवते. मिडीची मांडणी पियानोच्या पट्ट्यांवरून केलेली. तिच्यांत अर्धस्वरांच्या १२८ पायऱ्या आहेत, आणि मींड म्हणजे पायरीवरून ढकलण्याची एक स्वतंत्र आज्ञा. ती सूक्ष्म आहे. तिचे १६,३८४ टप्पे पडतात. पण ती लागू होते त्या वाहिनींतील सर्व स्वरांस. एक स्वर स्थिर ठेवून दुसऱ्यास आंदोलन द्यावयाचें, तर दोघांस वेगळ्या वाहिन्या द्याव्या लागतात. ही युक्ति सर्वमान्य नियमांत २०१८ मध्यें आली. हार्मोनियमनें एके काळीं जो वाद उत्पन्न केला, तोच येथें नव्या वेषांत उभा आहे. सोय आणि श्रुति यांचें भांडण जुनेंच.

तरीही हिशेबाच्या शेवटीं जमेची बाजू जड भरते. २०१३ मध्यें काकेहाशी व स्मिथ या दोघांस या कार्याबद्दल ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. काकेहाशी १ एप्रिल २०१७ रोजीं वारले, स्मिथ ३१ मे २०२२ रोजीं. त्यांच्या कारखान्यांनीं बनविलेलीं अनेक वाद्यें आज जुन्या बाजारांत किंवा संग्रहांत आढळतात. परंतु १९८३ मधील वाद्य आजच्या संगणकाशीं जोडावयाचें झालें, तर ओसाकाची किंवा कॅलिफोर्नियाची परवानगी लागत नाहीं. एक खोबण, एक डायोड, तो लुकलुकणारा दिवा आणि दोनतीन रोधक यांवर काम भागतें. आणि तीं टोंकें उलटीं जोडलीं गेलीं, तरी पुन्हा डाख सोडवून नीट जोडण्यास वाव राहतो.