केडगावची फळबाग

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागतं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात हे गाव बहुधा धाडसाचा दाखला म्हणूनच येतं. मंडळीत वसतिगृहाचा किंवा शाळेच्या नव्या खोल्यांचा विषय निघाला, की कोणीतरी उठून म्हणतं, ‘पंडिता रमाबाईंनी कुठं हिशेब मांडला होता? प्रभूने सांगितलं आणि त्या निघाल्या.’ पंचमंडळात खजिनदाराचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्याकडे बघूनच बोललं जातं. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण केडगावच्याच इतिहासात आहे.

रमाबाईंनी हिशेब मांडला होता. १८८७च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं. दहाच वर्षं. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींच्या निवासासाठी आणि शिक्षणासाठी शारदासदन निघालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मुदत संपल्यावर मुलींनी खायचं काय, हा प्रश्न रमाबाईंनी आधीच हातात घेतला. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन विकत घेतली आणि तिथे संत्री, लिंबं, आंबे लावले. पुढेमागे फळांच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा बेत होता. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. ती या बाईंनी नीट वाचली होती, असं मला नेहमी वाटतं.

पण त्यांना भित्रं म्हणता येणार नाही. १८९३ साली सदनावरून पुण्यात केवढं वादळ उठलं! रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसत. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील हा शब्द मोडला, असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर बरंच टळलं असतं. विरोधकांच्या तक्रारीत काही तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही; विश्वासाने मुली ठेवणाऱ्या घरांची बाजू मला समजते. तरी रमाबाईंनी दार लावलं नाही. पैशाच्या बाबतीत इतकी जपून वागणारी बाई इथे मात्र नुकसान सोसायला तयार झाली.

मग १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या भयंकर होत्या: अन्नासाठी भटकणाऱ्या मुली, विधवा, आणि त्यांना पळवणारी माणसं. घरी बसायला रमाबाईंकडे चांगली कारणं होती. असोसिएशनची मुदत संपत आली होती. बाग नवी होती, आणि आंब्याला फळ धरायला वर्षं लागतात.

पण दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. १८७४च्या सुमाराला त्यांच्या कुटुंबाने जवळचं सगळं दानधर्मात आणि अनुष्ठानांत घालवून देवाच्या कृपेची वाट पाहिली होती. अन्नान्न दशा झाली तेव्हा वडील अनंतशास्त्री जलसमाधी घ्यायला निघाले. त्या वेळी भाऊ श्रीनिवास पुढे आला आणि म्हणाला, जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करतो. हा प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. देवाची वाट पाहणं आणि हातपाय न हलवणं यांतलं अंतर त्या कोवळ्या वयातच शिकल्या होत्या. सावधगिरी हवी की श्रद्धा, असं आम्ही बैठकीत विचारतो तेव्हा मला तो भाऊ आठवतो.

रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. मुलींना घेऊन पुण्याला आल्या, तर तिथे प्लेग. प्लेगच्या नियमांमुळे शहरात एवढ्या नव्या मुली ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांना केडगावला नेलं, त्या बागेच्या जमिनीवर. सुमारे तीनशे मुली तिथे राहिल्या, आणि मुक्तिसदन उभं राहिलं ते असं.

त्या जमिनीवर माझा सगळा मुद्दा उभा आहे. सावधपणाने ती घेतली नसती, तर १८९७मध्ये त्या मुलींना कुठे उतरवलं असतं? आणि ती फक्त उत्पन्नासाठीच आहे असा हट्ट धरला असता, तर मुक्तिसदन झालंच नसतं. रमाबाईंनी बेत केला, पण बेताचा हेतू बदलू दिला. आमच्या मंडळीत दोन्ही बाजूंना नेमकं हेच जमत नाही. काहींना जमाखर्च म्हणजे अविश्वास वाटतो. मी आणि माझ्यासारखे, एकदा ठराव झाला की त्यावर पुन्हा प्रार्थना करायला बसत नाही.

१८९८ साली दहा वर्षं पूर्ण झाली. केडगावला शेकडो मुली असताना रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि देणगीदारांपुढे दहा वर्षांच्या कामाचा अहवाल ठेवला. तिथे मदतीसाठी नवी असोसिएशन स्थापन झाली. मग गुजरातेत दुष्काळ पडला, तिकडच्या मुलीही केडगावला आणल्या गेल्या, आणि १९००पर्यंत तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांच्यासाठी शेती होती, विणकाम होतं, आणि पुढे छापखानाही आला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात बायकांनी जुळवलं आणि छापलं.