कडेवर कोरलेले नाव

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात जाणकार गिऱ्हाईक जुने लष्करी पदक हातात घेते, तेव्हा आधी राजाचा मुखवटा बघत नाही. पदक आडवे धरून त्याची कड उजेडाकडे वळवते. जेमतेम काही मिलिमीटर जाडीच्या त्या कडेवर बारीक रोमन अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ही एक ओळ शाबूत असेल, तर त्या पदकामागचा माणूस शोधता येतो. ती कानशीने घासून काढलेली असेल, तर उरते फक्त धातूची चकती.

महाराष्ट्रात अशा वस्तूंचा शोध घेणाऱ्यांना दोन ठिकाणे सगळ्यांत आधी आठवतात. एक चोरबाजार, दुसरे पुण्याचा रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार. पुण्यात हा माल येण्याचे कारण उघड आहे. इंग्रजांनी पेशवाई बुडवल्यावर पुणे आणि खडकी येथे मोठ्या छावण्या वसवल्या. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. दक्षिण कमांडचे मुख्यालयही पुण्यातच. दुसरे महायुद्ध संपल्यावर सरकारने उरलेला लष्करी माल विकायला काढला आणि तो ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून गावोगावच्या बाजारांत पसरला. पाण्याच्या बाटल्या, पट्ट्यांची बकले, टोपीवरचे बिल्ले, दारूगोळ्याच्या लोखंडी पेट्या, तोफगोळ्यांची रिकामी पितळी नळकांडी अशा वस्तू त्यातूनच फिरत राहिल्या. अनेक घरांत ही नळकांडी घासूनपुसून फुलदाणी म्हणून ठेवली गेली. नळकांडे उलटे करून तळ पाहिला, की तोफेची जात आणि बनवल्याचे साल शिक्क्यांवरून वाचता येते.

भंगार आणि इतिहास यांच्यातली ही ओढाताण मात्र छावण्यांइतकीच जुनी आहे. तिचे सर्वांत दुःखद उदाहरण आहे तंजावरचे. तिथले मराठा राज्य १८५५ साली वारस नसल्याचे कारण देऊन ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले. भोसल्यांच्या आणि त्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासून जमलेले प्रचंड शस्त्रागार पुढच्या दशकात सरकारी हुकुमाने रिकामे झाले. निवडक नमुने मद्रासच्या संग्रहालयाकडे गेले. बाकीच्या तलवारी, कट्यारी आणि अंकुश मोडून धातूच्या भावाने विकले गेले. एम. जे. वॉलहाउस या मद्रास प्रांतातल्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त या शस्त्रागारावर लेख लिहून तो नाश नोंदवून ठेवला. जे वाचले त्यातले काही नमुने जॉर्ज कॅमेरॉन स्टोन या अमेरिकन संग्राहकाकडे पोहोचले आणि त्याच्या मृत्युपत्रानुसार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेले. तंजावरची कोरीव कट्यार पाहायची तर आज न्यूयॉर्कचेही दार ठोठवावे लागते.

शस्त्रांच्या मानाने पदक ही आपल्याकडे नवी वस्तू. ईस्ट इंडिया कंपनीने सैनिकांना मोहिमेबद्दल दिलेले पहिले सर्वसाधारण पदक १७८४ सालचे ‘डेक्कन मेडल’. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात बंगालहून पश्चिम भारतात आणि गुजरातेत उतरलेल्या शिपायांसाठी ते होते आणि त्यावरचा मजकूर फारसीत होता. १८५१ साली मंजूर झालेले ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ तर मराठी माणसाने जरूर समजून घ्यावे. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी बसवत. असई, आरगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव ही त्या पट्ट्यांवरची नावे. मराठेशाहीच्या शेवटच्या दोन युद्धांचा नकाशाच त्यातून उभा राहतो. मंजुरी लढायांनंतर तीन ते पाच दशकांनी आली आणि १८५१ पर्यंत जिवंत राहिलेल्यांनाच त्यावर हक्क सांगता आला. त्यामुळे देशी शिपायाच्या नावाचे खरे पदक आज अत्यंत दुर्मिळ आहे.

बाजारात त्या मानाने जास्त दिसतात ती पहिल्या महायुद्धाची पदके. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे, वजन सुमारे पावणेतीन तोळे. त्याच्या जोडीचे ‘व्हिक्टरी मेडल’ कांशाचे, इंद्रधनुष्यी फितीचे. लढणाऱ्या शिपायाला वॉर मेडल चांदीत मिळे. हमाल तुकड्या आणि लेबर कोअर यांच्यासाठी तेच पदक कांशात काढले होते. कांशाची पदके साऱ्या साम्राज्यात मिळून सुमारे १ लाख १० हजारच निघाली, चांदीची साठ लाखांहून अधिक. म्हणून संग्राहकाच्या लेखी कांशाचे पदक अधिक मोलाचे. त्या काळी ज्याला कमी लेखले, त्या ओझे वाहणाऱ्या माणसाची ती खूण आहे.

चांदीच्या पदकांचा खरा शत्रू सराफाचा काटा. पिढी बदलली, घरात अडचण आली, की आजोबांचे पदक मोडीत जाई. जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचली. तेव्हा तर खुद्द ब्रिटनमध्येही वॉर मेडल्स मोठ्या संख्येने वितळवली गेली. म्हणून संग्राहकांना पुष्कळदा जोडी फुटलेली मिळते: कांशाचे व्हिक्टरी मेडल हाती लागते, त्याच नावाचे चांदीचे वॉर मेडल कधीच भट्टीत गेलेले असते. दुसऱ्या महायुद्धाची पदके याच कारणाने बरी टिकली. त्यांत मोडीला किंमत येईल असा धातूच नव्हता. शिवाय ब्रिटिश सैनिकांना ती पदके बिननावाची मिळाली, पण भारतात वाटलेल्या पदकांवर अनेकदा नाव ठोकलेले आढळते.

या नावाला इतके महत्त्व का, याचे उत्तर इराकमध्ये आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या मोहिमेत होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे त्या तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याने शरणागती पत्करली आणि कैदेत कित्येकांचा अंत झाला. ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभारून १९२९ साली त्याचे अनावरण झाले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची नोंद आहे. मात्र इंग्रज सैनिकांची नावे कोरली असताना साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा आला. अशी युद्धस्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या विशेष समितीने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि संस्थेने जाहीर माफी मागितली.

सातारा किंवा रत्नागिरीकडच्या ज्या शिपायाला स्मारकाच्या दगडावर नाव मिळाले नाही, त्याचे नाव त्याच्या पदकाच्या कडेवर मात्र अक्षर अक्षर ठोकलेले आहे. ते पदक मोडीत गेले, की त्याची एक पक्की खूण पुसली जाते.

ही ओळ वाचायलाही सराव लागतो. इंग्रजी कारकुनाने कानाला जसे वाटले तसे नाव लिहिलेले असते. पुष्कळदा आडनाव नसते. एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत, त्यामुळे खरा आधार क्रमांकाचा. अक्षरे ठशाने उमटवली आहेत की हाताने कोरली, त्यांची जाडी आणि अंतर त्या काळच्या पद्धतीशी जुळते का, कड एखाद्या बाजूला पातळ झाली आहे का, हे भिंगातून तपासतात. जुने नाव घासून दुसरे घातलेले पदकही विकायला येते. ओतीव नक्कल ओळखू येते ती बोथट अक्षरांवरून आणि पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांवरून. लंडनच्या कंपन्यांची नावे घातलेले पितळी कंपास आणि दुर्बिणी तर आजही आपल्याच देशात नव्याने बनतात. चकाकी उतरवून त्या जुन्या भासवणे फार सोपे आहे.

छंद असला तरी कायदा विसरून चालत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची पदके आता शंभरी ओलांडून गेली आहेत. तलवार किंवा बंदूक विकत घेण्याआधी शस्त्र कायद्याची माहिती करून घेणे तितकेच गरजेचे.

दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून, लोकांनी टाकायला काढलेल्या वस्तू जमवत पुण्यात एक अख्खे संग्रहालय उभे केले. तसे करणे सगळ्यांना जमणार नाही. पण ट्रंकेच्या तळाशी, देवघराच्या कोनाड्यात किंवा जुन्या बाजारातल्या पथारीवर एखादे पदक सापडले, तर भाव विचारण्याआधी त्याची कड वाचा. क्रमांक, नाव, पलटण कागदावर उतरवा आणि फोटो काढा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मृत सैनिकांच्या यादीत ते नाव शोधा. सैनिक परतलेला असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पदक ब्रासोने घासू नका आणि ते सराफाकडे तर मुळीच नेऊ नका.